रक्तदाबामागील संप्रेरकांचा शोध

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी तज्ज्ञांपुरता मर्यादित वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचा संबंध आपल्या बाह्यरुग्ण विभागातील सर्वांत लांब रांगेशी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात पंधरा वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांना उच्च रक्तदाब आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांतून, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून, शिरोलीच्या फौंड्रींतून आणि सीमेपलीकडे निपाणीकडून कोल्हापुरात उपचारासाठी येणाऱ्या माणसांतही या विकाराचे रुग्ण असतातच.

यांपैकी बहुसंख्य रुग्णांच्या रक्तदाबाला एकच एक कारण दाखविता येत नाही. वय, अनुवंशिकता, मीठ, स्थूलता, व्यसने आणि व्यायामाचा अभाव यांचा तो एकत्रित परिणाम असतो. अशा रुग्णांनी नियमित औषध घेणे हाच योग्य मार्ग होय. परंतु काही रुग्णांमध्ये शरीरातील एखादी ग्रंथी प्रमाणाबाहेर संप्रेरक निर्माण करीत असते आणि रक्तदाब हे त्या बिघाडाचे केवळ बाह्य लक्षण असते. तेथे कारण सापडले तर उपचाराची दिशाच बदलते. काहींचा रक्तदाब पूर्णपणे बरा होतो. इतरांना नेमके औषध मिळते. हे कारण शोधण्याची सुरुवात महागड्या यंत्रापासून होत नाही, ती योग्य शंका योग्य वेळी घेण्यापासून होते, एवढीच गोष्ट आम्हांला आज प्रामुख्याने सांगावयाची आहे.

रक्तदाब आणि संप्रेरके

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. परंतु तिच्या बाहेरच्या थरातून ॲल्डोस्टेरॉन व कॉर्टिसॉल आणि आतल्या गाभ्यातून ॲड्रिनलीन ही संप्रेरके स्रवतात. ॲल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवते व पोटॅशियम बाहेर टाकते. कॉर्टिसॉल ताणतणावाच्या प्रसंगी शरीराला सावरून धरते. ॲड्रिनलीन हृदयाचे ठोके वाढविते आणि तिचेच भावंड असलेले नॉरॲड्रिनलीन रक्तवाहिन्या आवळते. स्वतः मूत्रपिंडेही रेनिन नावाचा पदार्थ स्रवून ॲल्डोस्टेरॉनवर नियंत्रण ठेवतात. रक्तदाब घसरला की रेनिन वाढते, त्यामागोमाग ॲल्डोस्टेरॉन वाढते, मीठ व पाणी शरीरात राहते आणि दाब पूर्ववत होतो. रानात घाम गाळणाऱ्या माणसाला जगविण्यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. तीच बेलगाम झाली की रोग होते.

शंका कोणाविषयी घ्यावी?

शंका घेण्यापूर्वी रक्तदाब खरोखरच वाढलेला आहे याची खात्री करून घ्यावी. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला आधार द्यावा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मोजताना बोलू देऊ नये. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. आपले कोल्हापूर तालमींचे गाव. पैलवानाच्या भरदार दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो आणि निरोगी तरुणावर रोगाचा शिक्का बसतो. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा रक्तदाब पाहावा व जांघेतील नाडीही तपासावी. दोन हातांतील मोठा फरक किंवा पायाकडील क्षीण नाडी महाधमनीच्या आजाराकडे बोट दाखविते. आपल्या देशात तरुण स्त्रियांमध्ये आढळणारा ताकायासू हा रक्तवाहिन्यांचा दाह मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद करतो, त्यामुळे रेनिन वाढते आणि रक्तदाब चढतो. नाडीवर बोट ठेवण्यास एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर पुढील रुग्णांविषयी विशेष जागरूक राहावे.

तीस-पस्तीस वर्षांच्या आतच रक्तदाब वाढलेला रुग्ण. लघवीवाटे मीठ बाहेर टाकणाऱ्या गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही असा रुग्ण. ज्याच्या रक्तातील पोटॅशियम कमी आहे असा रुग्ण. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये ज्याच्या अधिवृक्क ग्रंथीवर योगायोगाने गाठ दिसली आहे असा रुग्ण. ज्याच्या घरात कोणाला तरुणपणीच पक्षाघात झाला आहे असा रुग्ण. आणि ज्याला डोकेदुखी, घाम व धडधड यांचे झटके येतात असा रुग्ण.

या यादीपूर्वी एक प्रश्न मात्र सर्वांना विचारावा : गोळ्या रोज घेता का? औषधांचा खर्च न परवडल्याने एक दिवसाआड गोळी घेणारा रुग्ण कागदावर औषधांना दाद न देणारा दिसतो. त्याला तपासण्यांची गरज नसून स्वस्त व सलग औषधपुरवठ्याची गरज असते. सातारा जिल्ह्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या आरंभीच्या टप्प्यात, म्हणजे २०१७ नंतर, ठराविक औषधे, नियमित नोंद व सरकारी केंद्रांतून पुरवठा या साध्या सूत्रावरच भर दिला गेला.

मीठ धरून ठेवणारे संप्रेरक

संप्रेरकांमुळे होणाऱ्या उच्च रक्तदाबात ॲल्डोस्टेरॉनचा अतिरेक सर्वाधिक आढळतो. १९५४ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. तिला वारंवार स्नायूंचा अशक्तपणा येई, रक्तदाब वाढलेला होता आणि पोटॅशियम अतिशय कमी होते. ॲल्डोस्टेरॉन वेगळे करून आदल्याच वर्षी त्याची ओळख पटली होती. डॉ. कॉन यांनी तर्क बांधला, की तिची अधिवृक्क ग्रंथी हेच संप्रेरक अमाप निर्माण करीत असावी. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता. डिसेंबर १९५४ मध्ये पोट उघडून पाहिले तेव्हा उजव्या ग्रंथीवर गाठ सापडली. ती काढल्यावर रुग्णाची प्रकृती सुधारली. हा विकार आजही कॉन यांच्या नावाने ओळखला जातो.

पुढे पुष्कळ वर्षे हा विकार दुर्मीळ मानला गेला, कारण पोटॅशियम कमी असेल तरच तो शोधावा असा संकेत रूढ झाला. आता हे स्पष्ट झाले आहे, की यांतील बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम सामान्य असते. निरनिराळ्या देशांतील पाहणीत उच्च रक्तदाबाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत, तर अनेक औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी सुमारे पाचांत एकात हा विकार आढळतो. केवळ रक्तदाबाच्या आकड्यापुरताही हा प्रश्न नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, साध्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांशी तुलना करता या रुग्णांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण सुमारे साडेतीन पट होते. याच कारणास्तव अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उच्च रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांची या विकारासाठी एकदा चाचणी करावी, असे सुचविले आहे.

चाचणी म्हणजे रक्तातील ॲल्डोस्टेरॉन व रेनिन यांचे परस्परप्रमाण. रेनिन दबलेले असताना ॲल्डोस्टेरॉन चढे असेल तर ग्रंथी मूत्रपिंडाच्या आज्ञेवाचून चालली आहे, असा अर्थ होतो. पुढे सीटी स्कॅन करतात. परंतु गाठ दिसली म्हणून तीच दोषी असे म्हणता येत नाही. सीटीचा निष्कर्ष आणि ग्रंथीच्या शिरांतून थेट घेतलेल्या रक्ताचा निष्कर्ष यांत तीन रुग्णांमागे जवळजवळ एकात तफावत आढळली आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी बहुतेकांमध्ये ही शिरांची तपासणी आवश्यक ठरते. ती कुशल हातांचे काम असल्याने मोजक्याच केंद्रांत होते.

झटके देणारी गाठ

दुसरा विकार विरळा, परंतु प्राणघातक आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात होणाऱ्या या गाठीस फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. एकाएकी डोके ठणकू लागते, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, चेहरा पांढरा पडतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सर्व शांत होते. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत रक्तदाब उतरलेला असतो आणि रुग्णाची, विशेषतः स्त्रीची, ‘मनाचा खेळ’ म्हणून बोळवण केली जाते. काही घरांत तर बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे सुरू होतात. असे झटके पुन्हापुन्हा येत असतील तर रक्तातील किंवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन तपासल्याविना कोणताही निर्णय करू नये.

या गाठीचे वर्णन १८८६ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फेलिक्स फ्रँकेल यांनी केले. अठरा वर्षांची एक मुलगी अचानक दगावली होती आणि शवविच्छेदनात तिच्या दोन्ही ग्रंथींवर गाठी आढळल्या होत्या. त्यानंतर १२१ वर्षांनी, २००७ मध्ये, तिच्या आजच्या नातेवाइकांच्या तपासणीतून असे सिद्ध झाले, की तो आनुवंशिक विकार होता आणि सदोष जनुक त्या घराण्यात अद्याप वाहत होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्राव विभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रुग्णांच्या अभ्यासातही सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आनुवंशिक दोष सापडला. म्हणून अशा रुग्णाची गाठ काढून आपले काम संपत नाही. त्याच्या भावंडांना व मुलांना बोलावून घेणे हा उपचाराचाच भाग होय.

कॉर्टिसॉल आणि न सांगितलेली औषधे

कॉर्टिसॉलच्या अतिरेकाने चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक राहतात, त्वचेवर जांभळट रुंद पट्टे उमटतात, साध्या धक्क्याने अंग काळेनिळे होते, आणि रक्तदाबाबरोबर मधुमेहही जडतो. रात्री अकरा वाजता एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉल मोजणे ही त्याची सोपी प्राथमिक चाचणी आहे.

परंतु अशी लक्षणे दिसली की आम्ही प्रथम ग्रंथीकडे न पाहता पिशवीकडे पाहतो. सांधेदुखीची बिननावाची पुडी, दम्याची खात्रीची गोळी, वजन वाढविणारे चूर्ण यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तालमीतील व जिममधील तरुणाला शरीर कमावण्यासाठी काही इंजेक्शने घेतली का, असे मोकळेपणाने, दोष न देता विचारावे. संततिनियमनाच्या गोळ्या आणि वेदनाशामके यांचीही चौकशी करावी. ज्येष्ठमध हे आपल्या घरोघरचे औषध. घशासाठी एखादी कांडी चघळण्याने काही बिघडत नाही. परंतु मोठ्या मात्रेत आठवडेच्या आठवडे घेतल्यास त्यातील द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराला रोखते, कॉर्टिसॉल तेथे ॲल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते आणि पोटॅशियम घटून रक्तदाब वाढतो. येथे एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करू नये. स्वतःची ग्रंथी निद्रिस्त झालेली असल्याने रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

थायरॉइडचे विकार, पॅराथायरॉइडचा अतिरेक आणि वाढ-संप्रेरकाच्या अतिरेकाने हातपाय व जबडा मोठा होणे हीही कारणे आहेत. थायरॉइडची चाचणी आता तालुक्याच्या गावीही होते; तिचा विसर पडू नये.

नमुना घेण्याची शिस्त

या चाचण्यांचे यश प्रयोगशाळेइतकेच नमुना घेणाऱ्या हातांवर अवलंबून असते. म्हणून परिचारिका व तंत्रज्ञ सहकाऱ्यांसाठी काही गोष्टी विस्ताराने सांगतो.

रेनिन व ॲल्डोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी घ्यावे. रुग्ण उठून दोन तास हिंडता-फिरता झालेला असावा व नंतर पाच ते पंधरा मिनिटे बसलेला असावा. त्यापूर्वी पोटॅशियम भरून काढलेले असावे आणि मीठ तोडलेले नसावे. रक्त घेताना मूठ वारंवार आवळायला सांगू नये. त्याने पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. नमुना दुसऱ्या शहरी पाठवावयाचा म्हणून आपण सवयीने बर्फात ठेवतो. रेनिनच्या बाबतीत नेमके तेच चुकीचे आहे. थंडीने त्यातील निष्क्रिय रेनिन सक्रिय होते, आकडा फुगतो आणि खरा रुग्ण निसटतो. असा नमुना खोलीच्या तापमानातच प्रयोगशाळेत न्यावा, लगेच रक्तद्रव वेगळा करावा आणि मगच तो गोठवावा.

चोवीस तासांच्या लघवीसाठी सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी, नंतरची प्रत्येक लघवी डब्यात जमा करावी आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी घेऊन डबा बंद करावा. हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून त्याच्याकडून वदवून घ्यावे. डबा अर्धवट भरला तर रुग्णाची पुन्हा एक फेरी आणि एका दिवसाची मजुरी बुडते.

रक्तदाबाची औषधे चाचणीवर परिणाम करतात. परंतु म्हणून रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. पहिली चाचणी बहुधा चालू औषधांवरच करता येते. औषध बदलणे आवश्यक असल्यास ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

उपचार

एकाच बाजूची ग्रंथी ॲल्डोस्टेरॉन अधिक स्रवत असेल तर ती दुर्बिणीद्वारे काढता येते. येथे खोटी आशा देऊ नये. बारा केंद्रांतील ७०५ रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७ टक्के रुग्णांचा रक्तदाब औषधांशिवाय सामान्य झाला, तर आणखी ४७ टक्के रुग्णांचा दाब कमी झाला किंवा औषधे घटली. तरुण वय आणि रक्तदाबाची अल्प मुदत असेल तर यश अधिक. म्हणजेच निदान जितके लवकर, तितका लाभ मोठा. दोन्ही ग्रंथी सदोष असतील तर स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी व स्वस्त गोळी प्रभावी ठरते. तिने पुरुषांत छातीला सूज व दुखरेपणा येऊ शकतो, गर्भवती स्त्रीला ती देत नाहीत, आणि पोटॅशियम व क्रिएटिनीन वेळोवेळी तपासावे लागते.

फिओक्रोमोसायटोमात शस्त्रक्रियेची तयारी शस्त्रक्रियेइतकीच मोलाची असते. प्रथम अल्फा-रोधक औषध साधारण एक ते दोन आठवडे द्यावे, भरपूर पाणी व पुरेसे मीठ द्यावे, आणि मगच गरज पडल्यास बीटा-रोधक सुरू करावे. हा क्रम उलटा झाला तर रक्तदाबाचा भडका उडतो. तयारीविना भूल दिल्यास टेबलावर प्राण जाण्याचा धोका असतो. कॉर्टिसॉलच्या विकारात दोष पीयूषिका ग्रंथीत आहे की अधिवृक्कात, हे ठरवून मग शस्त्रक्रिया होते.

कारण कोणतेही असो, मिठाचे पथ्य सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. रश्श्याचा झणझणीतपणा तिखटाने येतो, मिठाने नव्हे. मात्र खर्डा, लोणचे, पापड आणि फरसाण यांवर हात आवरावा लागेल.

न्यासाचे कर्तव्य

आता विश्वस्त मंडळापुढे थोडे स्पष्ट बोलतो. शस्त्रक्रियेसाठी गरीब रुग्णाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. परंतु ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. निदानाची पहिली पायरी बाह्यरुग्ण विभागात असते आणि नेमक्या त्याच पायरीवर रुग्ण मागे फिरतो. ‘पुढच्या हंगामात बघू’ असे म्हणून गेलेला माणूस पुढे कधी पक्षाघात होऊनच येतो. तेव्हा घरातील कर्ता हात लुळा पडलेला असतो आणि कोणतीही शस्त्रक्रिया तो परत देऊ शकत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या आहेत आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. कायद्याने सांगितलेले हे किमान झाले. न्यासाने त्यापलीकडे जावे या अपेक्षेने आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, चाळीस वर्षांखालील उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक गरजू रुग्णाच्या प्राथमिक संप्रेरक-चाचण्यांसाठी देणगीतून स्वतंत्र निधी उभारावा. दुसरी, प्रत्येक रक्तदाब-रुग्णाच्या कार्डावर वय, दोन्ही हातांचा दाब, पोटॅशियम, घरातील इतिहास आणि बाहेरची औषधे यांची नोंद अनिवार्य करावी. तिसरी, शिरांच्या तपासणीसाठी किंवा जनुकीय चाचणीसाठी मुंबई-पुण्यास पाठविलेल्या रुग्णाचा पाठपुरावा एका समाजसेविकेकडे सोपवावा, म्हणजे तो तेथे पोहोचला की नाही, परत आला की नाही, याची जबाबदारी कोणाची तरी राहील.

देणगीदारांना खोलीला नाव देण्यात आनंद वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु वेळेवर झालेल्या एका चाचणीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. तिच्यामुळे टळलेला पक्षाघात दिसत नाही, न मोडलेला संसार दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या कामासाठीही आपण निधी द्यावा, अशी या व्यासपीठावरून आमची विनंती आहे.